कांदेलास आज दिसतोय

१

फळी रिकामी आहे, हे तिओ देल्फिनोंनी मला सांगितलं तेव्हा मी अजून डोंगरावरच्या खोपीच्या दारातच उभी होते आणि माझ्या धिप्पाड देहाने दार पुरतं अडवलं होतं. आत अंधारच होता. ते फिल्टरच्या यंत्रापाशी, फळीकडे पाठ करून उभे होते.

"वह्या गेल्या, मिहा," ते म्हणाले. ते मला मिहा, म्हणजे पोरी म्हणत; मी त्यांना तिओ, म्हणजे काका.

मी टॉर्च लावला. सव्वीस वर्षांच्या सव्वीस वह्या जिथे ओळीने उभ्या असायच्या, तिथे धुळीत चौकोन उरले होते. यंत्र शाबूत, त्यातलं मेमरी कार्ड शाबूत, पेन्सिलींचा डबासुद्धा जागेवर. कुलूप फोडलेलं नव्हतं. पण त्याची एक किल्ली उंबऱ्याजवळच्या दगडाखाली असते, हे ला सेहा गावातल्या कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं.

मी, बेनिल्दे गायेगोस, राज्याच्या हवा खात्यातली सरकारी बाई. सांता इनेसच्या राखीव रानावरचं धुरकं कमी करायचा दहा वर्षांचा आराखडा माझ्या हातचा. सोमवारी अकरा वाजता शाळेच्या जिममध्ये त्याची जनसुनावणी होती आणि आज शुक्रवार; त्यासाठीच मी वह्या न्यायला आले होते.

आराखड्याचं सारं सार एवढंच होतं, की पश्चिमेच्या कोळशाच्या वीजकेंद्राने धूर धुणारी यंत्रं बसवावीत. केंद्राचं म्हणणं, रानावर दिसतो तो आमचा धूर नव्हेच, तो ला सेहाच्या चुलींचा. ते खोटं पाडणारा पुरावा त्या वह्यांतच होता. खोपीतलं यंत्र दर तिसऱ्या दिवशी हवा ओढतं. तिओ देल्फिनो दर मंगळवारी वर येऊन फिल्टर बदलायचे आणि त्या आठवड्यात गावात कुठे काय पेटलं, समोरचे कोणते डोंगर दिसले, कोणते नाही, हे वहीत उतरवून ठेवायचे. पाऊस असो, बर्फ असो, सव्वीस वर्षांत एक मंगळवार चुकला नव्हता.

"वह्या नाही मिळाल्या तर?" त्यांनी विचारलं.

"तर यंत्रं बसत नाहीत. पुन्हा विषय निघेल तो दहा वर्षांनी."

"मी चौऱ्याहत्तरचा आहे," ते म्हणाले. त्यांची नजर माझ्या कानाच्या पलीकडे कुठेतरी होती. रडू लपवतायत, असं मला वाटलं.

बाहेर पडताना दाराजवळच्या खिळ्याकडे सहज लक्ष गेलं. तीन वर्षं त्या खिळ्याला त्यांच्या बायकोचा, ओर्फेलियाचा, वाचायचा चष्मा लोंबकळताना मी बघत आले होते. ओर्फेलियाला जाऊन पाच महिने झाले होते. खिळा होता, चष्मा नव्हता.

वह्या चोरणाऱ्याला म्हातारीचा चष्मा कशाला हवा?

२

खाली त्यांच्या घरी त्यांनी मला कॉफी दिली. थर्मासमधली, पार निवलेली. मी काही बोलले नाही, कारण तो फिल्टरवार होता. यंत्र हवा ओढतं त्या दिवसाला गावात फिल्टरवार म्हणत. घराघरांतल्या कॅलेंडरवर त्या तारखांना लाल गोल असत आणि त्या दिवशी या घरात चूल पेटत नसे. धूर वर जाऊन फिल्टरला लागू नये म्हणून सव्वीस वर्षं नवरा-बायकोने दर तिसऱ्या दिवशी थंड तोर्तियात थंड राजमा गुंडाळून खाल्ला. गाव आधी हसलं, मग पुष्कळांनी तेच सुरू केलं.

कप भरताना तिओंनी बोट आत वाकवून धरलं होतं. कॉफी बोटाला लागली तसे ते थांबले. खेड्यातल्या म्हाताऱ्यांना कसल्या रीतीभाती, असं मनात म्हणून मी ती कॉफी प्यायले.

तिथून उठले ती थेट वेंडेल स्ट्रूपला गाठलं. हा वीजकेंद्राचा माणूस. गोड बोलणं हाच त्याचा पगारी धंदा. रस्त्याकडेच्या खाणावळीत तो हिरव्या मिरचीचा रस्सा ओरपत बसला होता.

"बसा बाई. वह्या चोरीला गेल्या म्हणे. गावाला माझाच संशय असेल."

"तुमच्याइतका फायदा दुसऱ्या कोणाचा आहे?"

"उलट आहे." त्याने बॅगेतून कागद काढला. "हे बघा. त्या वह्यांची नक्कल मिळावी म्हणून मीच तुमच्या खात्याला तीनदा लिहिलंय. मार्चमध्ये इथल्या पाटाच्या कारभाऱ्याने ऐन फिल्टरवारी कालव्यातलं गवत पेटवलं. ते वहीत असलं तर भर सुनावणीत वाचून दाखवायचा बेत होता माझा. चोराने तुमच्याइतकंच माझंही वाटोळं केलंय."

पत्रावर आमच्याच खात्याचा शिक्का होता. माणूस लबाड खरा, पण हातातलं हत्यार कोण फेकून देतं? मी निघाले तेव्हा तो मागून म्हणाला, "त्या कारभाऱ्याला विचारा. त्याला मात्र झोप लागत नसेल."

३

शनिवारी सकाळी दहिवर पडलं होतं. फिल्टरवार नव्हता, त्यामुळे घराघराच्या धुराड्यातून धूर निघत होता. फक्त तिओंचं धुराडं गार होतं. माणूस एकटा पडला की रांधायचंही सोडतो, असं म्हणत मी पुढे गेले.

पाटाचा कारभारी प्रोकोपिओ बाका कालव्यात उतरून गावकऱ्यांबरोबर गाळ उपसत होता. मला बघून त्याने फावडं टेकवलं.

"आली का सरकारची स्वारी! घाल बाई बेड्या. पण आधी एवढा गाळ काढू दे, पाणी अडलंय."

"चौदा मार्चला तुम्ही गवत पेटवलंत?"

"पेटवलं. कॅलेंडरचं पान उलटायचं राहिलं होतं. फेब्रुवारीचे लाल गोल बघून मार्चात काडी ओढली. माझ्यासारखा गाढव या खोऱ्यात नाही."

"आणि ते वहीत आलं म्हणून वह्या लांबवल्या."

तो चिडला नाही. टोपी काढून त्याने कपाळ पुसलं. "अगं, मीच तिओकडे जाऊन कबूल केलं. म्हटलं, तुम्ही पाहिलंच असेल, लिहून टाका. तर ते मलाच विचारतात, कुठे पेटलंय रे, वास येतोय मघापासून. आणि धुराचा लोट त्यांच्या अंगणासमोर, या पॉप्लरएवढा! मला वाटलं, माझी लाज राखायला म्हातारा वेड पांघरतोय. मी घरी येऊन रडलो बघ."

मागचा एक जण म्हणाला, "हा रडला आणि आमची बीअर पिऊन गेला."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. तिओ देल्फिनो कोणाची लाज राखण्यासाठी धूर लपवणारे नव्हते. स्वतःच्या पाहुण्याच्या सिगरेटीची नोंद केलेला माणूस तो.

४

झेनाइदा ही ओर्फेलियाची भाची. वीजकेंद्रात बॉयलरवर काम करते आणि दर शुक्रवारी तिओंच्या घरी आठवड्याचं जेवण पोचवते. दार उघडताच तिने तोफ डागली.

"मी नाही घेतल्या तुमच्या वह्या. घ्याव्याशा मात्र वाटल्या होत्या. केंद्र बंद पडलं तर मी काय धुरकं नसलेले डोंगर शिजवून खायचे?"

"बंद करा असं कोण म्हणतंय? धूर धुवा म्हणतोय."

"साहेब तसं सांगत नाहीत." ती जरा निवळली. "बसा. मावशी असती तर तुम्हाला उभं ठेवलं म्हणून मला बोलली असती."

मी विचारलं, "तिओ वर घोडीवरून का जातात हल्ली? ट्रक मोडलाय म्हणाले मला."

"कोण म्हणतं मोडलाय? परवा मीच चालू करून बघितला. एका किल्लीत लागला. तीन वर्षं मावशीच चालवत होती. ती गेल्यापासून ते पालोमावर बसतात. पालोमाला डोळे मिटून वाट येते." ती थांबली. "आणि विजेचं बिल मला वाचायला लावतात. चष्मा हरवलाय म्हणे. त्यांना चष्मा होता कधी?"

मी गाडीत येऊन बसले आणि माझ्या फायलीतल्या चिठ्ठ्या काढल्या. दर मंगळवारी फिल्टरांबरोबर एक चिठ्ठी येते, त्यावर आकडे आणि एखादी ओळ. आधीची तीन वर्षं त्या ओर्फेलियाच लिहून द्यायची; नोव्हेंबरपासूनचं अक्षर तिओंचं, पण मोठं, वाकडंतिकडं झालेलं होतं. शोकाने हात कापतो, असं मी समजत होते. शेवटची चिठ्ठी याच मंगळवारची. 'हवा स्वच्छ. ओसो टेकडीवरचा मनोरा दिसतो. कांदेलास डोंगर दिसतो.'

वणव्यावर नजर ठेवायचा तो मनोरा जानेवारीतच वनखात्याने उतरवून नेला होता.



५

रविवारी चर्चमधली मासची प्रार्थना आटोपल्यावर मी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. त्या दिवशीही फिल्टरवार नव्हता. तरी कॉफी गारच होती.

"तिओ, चोर सापडला," मी म्हटलं.

"कोण?"

"परवा खोपीत मी दार अडवून उभी होते. आत काळोख होता, तुमची फळीकडे पाठ होती. तरी तुम्ही म्हणालात, वह्या गेल्या. मला वाटलं, तुम्हाला दिसलं असेल."

त्यांनी कप बाजूला सारला.

"पण तुम्हाला दिसत नाही. समोरचं तर अजिबातच नाही, कडेचं थोडंफार दिसत असेल, म्हणून तुम्ही माझ्या कानाकडे बघून बोलता. कप बोटाने भरता. अंगणातला धूर तुम्हाला वासाने कळला. जानेवारीत गेलेला मनोरा तुम्हाला या मंगळवारी दिसला, कारण गेल्याचं कोणी सांगितलंच नाही. मग फळीला हातही न लावता ती रिकामी असल्याचं तुम्हाला कसं कळलं? ते फक्त ज्याने ती रिकामी केली त्यालाच कळणार."

बाहेर पालोमा खूर आपटत होती. तिओंनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले.

"चष्माही तुम्हीच नेलात," मी म्हणाले. "आणि वह्या कुठे आहेत तेही सांगते. काल सगळ्या गावाची धुराडी चालू होती आणि तुमचं गार होतं, आजही गार आहे. या घरात नोव्हेंबरपासून चूल पेटलेली नाही. न पेटणाऱ्या चुलीत कोण डोकावणार?"

मी उठून ओतीव लोखंडाच्या चुलीचं दार उघडलं. आत ओर्फेलियाच्या शालीत गुंडाळलेल्या वह्या होत्या आणि सगळ्यात वर तिचा चष्मा.

"घोडीवरून दोन खेपा केल्या," ते म्हणाले. "ती गेल्यावरचं मी आठवणीने लिहिलंय, मिहा. तिच्या तोंडून ऐकलेले डोंगर पुन्हा पुन्हा लिहीत गेलो. ते कोणाच्या लक्षात आलं असतं तर म्हणाले असते, आंधळ्याचे फिल्टर कसले ग्राह्य धरता? फिल्टर मात्र मी चोख बदललेत. हाताला सगळं ठाऊक आहे. एकच वही काढली असती तर त्याच वहीकडे बोट गेलं असतं, म्हणून सगळ्या काढल्या."

"मग जाळल्या का नाहीत?"

त्यांनी वह्यांच्या दिशेने हात पुढे केला, तो हवेतच राहिला.

"शेवटच्या तीन तिच्या हातच्या आहेत. माझे डोळे गेल्यावर ती ट्रक चालवायची, वर जाऊन बघायची, मला सांगायची आणि लिहायची. काय लिहिलं ते मी कधी वाचू शकलो नाही. तुमच्या राजधानीत गेलेला कागद परत येत नाही. तिचा चष्मा लावून पाहिला, भिंगही लावून पाहिलं. काही दिसत नाही. आणि कोणाला वाचायला सांगू? सांगितलं की कळलं." त्यांनी हात मागे घेतला. "तू आता ओळखलंच आहेस. तर वाच."

६

मी वही उघडली. तिरकं, बारीक, शाळकरी अक्षर. गावातल्या धुरांच्या नोंदी अगदी काटेकोर होत्या आणि त्यांच्याखाली डोंगर.

'बारा जून. धुरकं. दुसऱ्या धारेपलीकडे काही नाही. त्याला सांगितलं, स्वच्छ आहे.'

मी पुढचं पान पाहिलं, त्याच्या पुढचं पाहिलं. अधूनमधून खरोखर स्वच्छ दिवस होते. बाकी सगळीकडे तेच. 'पांढरं धुरकं, पश्चिमेकडून. कांदेलास नाही. त्याला सांगितलं, दिसतोय.' मंगळवारामागून मंगळवार, तीन वर्षं.

नव्वद मैलांवरचा कांदेलास डोंगर. त्याच्याच पायथ्याच्या गावातून देल्फिनोंनी तिला लग्न करून आणलं होतं. इथे आल्यावर पहिली कित्येक वर्षं ती अंगणात उभी राहून माहेर बघायची, आणि मग तो डोंगर हळूहळू धुरक्यात बुडत गेला. म्हणून तर यांनी यंत्राचं काम अंगावर घेतलं होतं.

"वाच ना," ते म्हणाले. "कसा होता कांदेलास?"

खोटं बोलायचं मी ठरवलं. एवढ्या म्हाताऱ्या माणसाला खऱ्याची काय गरज आहे? "बारा जून," मी सुरुवात केली, "हवा..."

"थांबलीस तू." त्यांनी मान वाकडी केली. "तीपण अशीच थांबायची, सांगायच्या आधी. मला वाटायचं, डोंगरावर चढून दम लागलाय. काय लिहिलंय तिने?"

मग मी सगळं वाचलं. बारा जून वाचला, पुढचा मंगळवार वाचला, पुढचा वाचला. मध्येच एकदा ते म्हणाले, "तीन वर्षं मी दर रविवारी मासला देवाचे आभार मानले. डोंगर परत दिल्याबद्दल. ती शेजारी गुडघे टेकून बसलेली असायची."

"तिओ, पुरे करू या."

"शेवटचं वाच."

शेवटचं पान नोव्हेंबरचं होतं. अक्षर ओळ सोडून खाली उतरलं होतं.

'छातीत भरलंय. काल फिल्टरवार होता. त्याने चूल पेटवू का विचारलं. नको म्हटलं. सव्वीस वर्षं पाळलं, एका दिवसासाठी कशाला मोडायचं. आज त्याने हाताला धरून वर आणलं. कांदेलास नाही. त्याला सांगितलं, बर्फासकट दिसतोय.'

त्यानंतर चौथ्या दिवशी ती न्यूमोनियाने गेली होती.

तिओ देल्फिनो उठले, चाचपडत चुलीपाशी गेले आणि थंड लोखंडावर कपाळ टेकून मोठमोठ्याने रडले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि मीही रडले. दुसरं काय करणार होते?

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "हे खरं लिहिलेलं उद्या चालेल का?"

"चालेल. धुरांची नोंद चोख आहे. गावातली एकही चूल पेटलेली नसताना कांदेलास दिसत नव्हता, हे त्यातून सिद्ध होतं. आराखड्याला मागच्या डिसेंबरपर्यंतचीच वर्षं लागतात. तिच्यानंतरचे सहा आठवडे सोडून देऊ. पण हे अक्षर कोणाचं आणि का, ते कोणीतरी शपथेवर सांगावं लागेल." मी वही मिटली. "सांगितलंत की खोपीचं काम तुमच्याकडे राहणार नाही. नियमात डोळस माणूस लागतो."

त्यांनी बाहीने तोंड पुसलं. "दहा वाजता ये. झेनाइदाला सांग, ट्रक काढ."

७

सोमवारी फिल्टरवार होता. जिम गच्च भरलं होतं आणि हीटर बंद होता, गावानेच तो बंद ठेवायला लावला होता. मी चाळीस पानं वाचली. प्रोकोपिओचं गवत त्या वर्षांत नव्हतंच, तरी तो स्वतःहून उठून म्हणाला, "यंदाचा चौदा मार्च माझा, लिहून घ्या." पुढच्या रांगेत स्ट्रूप पाय हलवत होता.

"या नोंदी सरकारने नेमलेल्या माणसाच्या हातच्या दिसत नाहीत," तो म्हणाला. "मग पाहिलं कोणी?"

तिओ देल्फिनो उभे राहिले. झेनाइदाने धरलेला हात त्यांनी हळूच सोडवला.

"माझ्या बायकोने," ते म्हणाले. "मला तीन वर्षं दिसत नाही. हात माझे होते, डोळे ओर्फेलियाचे. ती माझ्याशी खोटं बोलली, पण वहीशी नाही बोलली." मग म्हणाले, "कांदेलास म्हणजे तिचं माहेर. दिसणारं माहेर दिसत नाही, असं कोण लिहील?"

स्ट्रूपने आपले कागद बॅगेत भरले.

आराखडा मंजूर झाला. यंत्रं बसायला चार वर्षं लागतील आणि हवा निवळायला त्याहून जास्त. नवा माणूस मिळेपर्यंत मंगळवारी खोपीत मीच जाते. तिओ देल्फिनो पालोमावर बसून बरोबर येतात. त्यांना कोणी बोलावलेलं नसतं आणि अडवायची माझी छाती नाही. फिल्टर हातात घेऊन कुठला नीट बसला, कुठला नाही, एवढं सांगतात.

पहिल्या मंगळवारी मी वही उघडून बसले, तेव्हा त्यांनी पश्चिमेकडे तोंड केलं.

"कसं आहे आज?"

मी बघितलं. पहिली धार होती. दुसरी जेमतेम होती. तिच्यामागे सगळं दुधाळ पांढरं.

"तिओ..."

"वहीत खरं लिही," ते म्हणाले. "तिच्यासारखं. आणि मला ती सांगायची तसं सांग."

मी जरा थांबले. मग म्हटलं, "स्वच्छ आहे, तिओ. कांदेलास आज दिसतोय. वरती बर्फ आहे अजून."

त्यांनी टोपी काढली आणि कितीतरी वेळ तिकडे तोंड करून उभे राहिले. मी पेन्सिल घेतली आणि लिहिलं, 'धुरकं. दुसऱ्या धारेपलीकडे काही नाही. त्यांना सांगितलं, दिसतोय.'